अंडाशयाची गाठ आणि पेशीचक्राची प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरातल्या, आणि देवास, धार, खंडवा, बऱ्हाणपूरच्याही मराठी घरांतून माझ्याकडे रिपोर्टचे फोटो येत असतात. आई, मावशी किंवा मोठी बहीण ऑपरेशन होऊन पडलेली असते आणि घरातलं शिकलेलं माणूस रात्री बसून पी५३, पी१६, केआय-६७ अशा शब्दांचा अर्थ शोधत असतं. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक भीती तिथूनच सुरू होते: या तपासण्या मुख्यतः आजार नेमका कोणता आहे हे ठरवण्यासाठी केलेल्या असतात. माणसाकडे किती वेळ आहे हे त्यांतून काढता येत नाही. उपचार तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांनीच ठरवायचे. त्यांच्यासमोर बसताना प्रश्न नीट विचारता यावेत, एवढ्यासाठी हे वाचा.

१. पेशीचक्र म्हणजे काय? त्याची प्रथिनं कोणती?

एका पेशीच्या दोन होताना ती चार टप्पे पार करते. जी१ मध्ये वाढते, एस मध्ये आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढते, जी२ मध्ये ती नक्कल तपासते आणि एम मध्ये दुभंगते. जिला विभागायचं नाही ती पेशी या चक्राबाहेर, जी० अवस्थेत थांबते. पेशीला एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेण्याचं काम सायक्लिन आणि सीडीके यांच्या जोड्या करतात. सीडीके पेशीत असतंच, पण सायक्लिन येऊन जुळल्याशिवाय ते कामाला लागत नाही, आणि काम झालं की पेशी ते सायक्लिन मोडून टाकते. ठरावीक वेळी असं नाहीसं होणारं प्रथिन टिम हंट यांना १९८२ साली सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दिसलं. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासह त्यांना २००१ चं नोबेल मिळालं ते याच विषयासाठी.

दुसऱ्या बाजूला थांबवणारी प्रथिनं आहेत: आरबी, पी१६, पी२१, पी२७ आणि या सगळ्यांत महत्त्वाचं पी५३. डीएनए तुटला की पी५३ जागं होतं, पी२१ ला कामाला लावून चक्र थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती शक्यच नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं.

२. मग अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये यांचं नेमकं काय बिघडतं?

अंडाशयाचा कॅन्सर हा एक आजार नाही, त्यामुळे बिघाडही एकच नाही. सर्वांत जास्त दिसतो तो हाय-ग्रेड सिरस कार्सिनोमा, म्हणजे झपाट्याने वाढणारा प्रकार. २०११ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलस प्रकल्पाने या प्रकारच्या गाठींची जनुकं वाचली, तेव्हा ९६ टक्के गाठींमध्ये पी५३ बनवणारं टीपी५३ जनुक बिघडलेलं निघालं. इतक्या जवळजवळ प्रत्येक गाठीत एकच जनुक बिघडलेलं असणं कॅन्सरमध्ये फार थोड्या ठिकाणी दिसतं. त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के गाठींत सायक्लिन ई१ च्या जनुकाच्या जादा प्रती होत्या.

लो-ग्रेड सिरस कार्सिनोमाचं नाव सारखं वाटलं तरी आजार वेगळा. त्यात पी५३ शाबूत असतं आणि केरास, बीरॅफ, एनरास या जनुकांतले बदल दिसतात. पेशी सावकाश वाढते आणि केमोला कमी दाद देते. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारांत एआरआयडी१ए हे जनुक पुष्कळदा बिघडलेलं असतं.

३. अंडाशयाची प्रत्येक गठान कॅन्सरचीच असते का? आणि प्रत्येकीत पी५३ तपासतात का?

नाही, दोन्हीही नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बऱ्याच गाठी साध्या सिस्ट, एंडोमेट्रिओसिसच्या किंवा डरमॉइड असतात आणि त्यांना या तपासण्या लागत नाहीत. तरुण मुलींमध्ये होणाऱ्या जर्म सेल गाठी आणि ग्रॅन्युलोसा सेल गाठी या तर वेगळ्याच कुळातल्या. प्रौढ ग्रॅन्युलोसा गाठीत फॉक्सएल२ जनुकातला एक ठरावीक बदल जवळजवळ नेहमी सापडतो. तिथे निदानाला इन्हिबिन आणि फॉक्सएल२ या प्रथिनांच्या तपासण्या उपयोगी पडतात. ही गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून तिची तपासणी 'आता सगळं ठीक आहे' म्हणून सोडून देऊ नका.

४. बायोप्सीचा रिपोर्ट तर आला. आता आयएचसी म्हणून आणखी आठवडाभर कशाला थांबायचं?

साध्या स्लाइडवर मला पेशींचा आकार आणि रचना दिसते, आतलं प्रथिन दिसत नाही. आयएचसीमध्ये मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घेतात आणि त्यावर त्या प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग येतो, बाकी केंद्रकं फिकट निळी राहतात. तपकिरी रंग केंद्रकात आहे की बाहेर, सगळ्या पेशींत आहे की तुरळक, गडद आहे की फिका, हे सगळं पाहून आम्ही लिहितो. हाय-ग्रेड आणि लो-ग्रेड यांच्या उपचारांत मोठा फरक आहे, म्हणून थांबलेला हा आठवडा वाया गेलेला नसतो.

इंदूरला बाहेरगावच्या नर्सिंग होममधून पुष्कळ नमुने येतात आणि पुष्कळदा डबा घरचीच माणसं घेऊन येतात. म्हणून एक विनंती. डब्यात फॉर्मॅलिन आहे ना, हे तिथेच विचारून घ्या. सलाइन किंवा साधं पाणी चालत नाही. गाठ पूर्ण बुडालेली हवी, आणि द्रवाचं प्रमाण गाठीच्या सुमारे दहापट असावं. मोठी गाठ छोट्या डब्यात कोंबलेली असली की बाहेरचा थर टिकतो आणि आतला भाग सडतो, आणि सडलेल्या भागावर पी५३ चा रंग भरवशाचा येत नाही. डब्यावर नाव, वय आणि डावं की उजवं अंडाशय हे लिहिलेलं हवं. रविवार मध्ये येतो म्हणून तो डबा घरी ठेवून घेऊ नका.

५. आईच्या रिपोर्टमध्ये पी५३ निगेटिव्ह आलंय. म्हणजे चांगलं ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. पी५३ च्या बाबतीत 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दच अपुरे आहेत. आम्ही पॅटर्न पाहतो.

शाबूत पी५३ पेशीत थोडंच असतं, कारण एमडीएम२ नावाचं प्रथिन ते सतत मोडत राहतं. त्यामुळे निरोगी पॅटर्नमध्ये काही केंद्रकं फिकट तपकिरी, काही गडद, काही कोरी, असं मिश्र चित्र दिसतं. जनुक बिघडलं तर दोन मुख्य गोष्टी होतात. एक, प्रथिन बनतं पण चुकीचं बनतं, मोडलं जात नाही आणि साठत जातं. मग गाठीतली जवळजवळ सगळी केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. दोन, जनुक असं तुटतं की प्रथिन बनतच नाही. मग गाठीतल्या पेशी पूर्ण कोऱ्या दिसतात. या दुसऱ्या चित्राला नल पॅटर्न म्हणतात, आणि हाय-ग्रेड सिरस गाठींपैकी साधारण पाव भागात तेच दिसतं. क्वचित रंग केंद्रकाऐवजी बाहेरच्या भागात येतो, तोही बिघाडच.

म्हणजे रिपोर्टमध्ये नुसतं 'निगेटिव्ह' असेल तर ते नल आहे का, हे विचारायलाच हवं. आम्ही ते कसं ठरवतो तेही सांगते. कोऱ्या गाठीच्या शेजारच्या तंतुमय भागातल्या पेशी आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) मी आधी पाहते. त्यांच्यात फिकट तपकिरी छटा असेल तर अँटिबॉडीने काम केलेलं आहे आणि गाठीतलं कोरेपण खरं आहे. शेजारच्या पेशीही कोऱ्या असतील तर स्लाइड फसली. ती पुन्हा करावी लागते. रिपोर्टमध्ये 'इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

आणि हो, 'बिघडलेला पॅटर्न' हे ऐकून खचू नका. हाय-ग्रेड सिरस निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईत तो असतोच. त्याने निदान पक्कं होतं, एवढंच.

६. पी५३ 'वाइल्ड टाइप' लिहिलंय. गाठ उग्र आहे का?

तसा त्याचा अर्थ नाही. वाइल्ड टाइप म्हणजे शाबूत पॅटर्न, वरच्या उत्तरातलं मिश्र चित्र. लो-ग्रेड सिरस, बॉर्डरलाइन (धड साध्या नाहीत, धड कॅन्सर नाही अशा) गाठी आणि बरेचसे एंडोमेट्रिऑइड व क्लिअर सेल प्रकार असेच असतात.

अडचणीचा अपवाद असा: स्लाइडवर गाठ अगदी हाय-ग्रेड सिरससारखी दिसते, पण पी५३ शाबूत वाटतं. तेव्हा आधी निदानच पुन्हा तपासायचं. तरीही हाय-ग्रेड सिरसच वाटलं तर जनुक तपासायचं, कारण काही थोड्या बदलांत प्रथिन निकामी झालेलं असूनही रंग साधाच येतो.

७. पी१६ पॉझिटिव्ह आहे. ते तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये, एचपीव्ही विषाणूमुळे येतं ना?

गर्भाशयमुखात तसंच आहे. तिथे विषाणूचं ई७ प्रथिन आरबीला निकामी करतं आणि पेशी उलट प्रतिक्रिया म्हणून भरमसाट पी१६ बनवते. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सिरस गाठीतही आरबीचा मार्ग बिघडलेला असतो, पण विषाणूशिवाय. परिणाम दिसायला तोच: अर्ध्याहून जास्त गाठींत पी१६ सलग गडद येतं. त्यामुळे एकट्या पी१६ वरून एचपीव्हीचा अर्थ काढू नका, आणि त्यावरून नवरा-बायकोत संशयाचं बोलणं तर अजिबात नको. मी ते घडताना पाहिलं आहे आणि मला फार वाईट वाटतं.

८. केआय-६७ सत्तर टक्के. याचा अर्थ किती दिवस?

दिवसांशी या आकड्याचा थेट संबंध नाही. केआय-६७ हे प्रथिन चक्रात असलेल्या प्रत्येक पेशीत असतं आणि जी० मध्ये थांबलेल्या पेशीत नसतं. म्हणजे ७० टक्के याचा अर्थ, त्या क्षणी मोजलेल्या शंभरातल्या सत्तर पेशी विभाजनाच्या वाटेवर होत्या. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात ही अँटिबॉडी सापडली. नावातली दोन अक्षरं त्या शहराची.

अंडाशयात हा आकडा हाय-ग्रेड आणि लो-ग्रेड वेगळे करायला मदत करतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यावरून काही वेळा उपचाराची दिशा ठरते, तसं इथे होत नाही. शिवाय केमोची औषधं विभागणाऱ्या पेशींनाच जास्त गाठतात. याचं सर्वांत ठळक उदाहरण तरुण मुलींतल्या जर्म सेल गाठींचं. त्यांचा केआय-६७ फार वर असू शकतो आणि तरीही ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन या केमोने त्यांतल्या बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात, पुष्कळींना पुढे मुलंही होतात. तेव्हा आकडा वाचून मुलीसमोर रडू नका. आधी गाठीचं नाव विचारा.

९. मुंबईच्या जीन टेस्टमध्ये 'सीसीएनई१ ॲम्प्लिफाइड' आलं. हे काय नवीन?

सीसीएनई१ म्हणजे सायक्लिन ई१ चं जनुक, आणि ॲम्प्लिफाइड म्हणजे त्याच्या जादा प्रती. सायक्लिन ई सीडीके२ शी जुळून पेशीला एस टप्प्यात, म्हणजे डीएनएच्या नक्कलेत ढकलतं. ते गरजेपेक्षा जास्त झालं की पेशी तयारी नसताना नक्कल काढू लागते आणि डीएनए तुटत राहतो.

याबद्दल मी गोड बोलणार नाही. अशा गाठींमध्ये कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाला सुरुवातीपासूनच कमी दाद मिळण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि बीआरसीए या दुरुस्तीच्या जनुकातला बदल सहसा त्यांच्यासोबत सापडत नाही, त्यामुळे पार्प रोखणाऱ्या गोळ्यांचा फायदाही कमी (दोन्हींबद्दल प्रश्न १० पाहा). पण सतत तुटणाऱ्या डीएनएवर जगणारी ही पेशी जी२ मधल्या तपासणीवर फार विसंबून असते, कारण पी५३ तर आधीच गेलेलं. तिथे घाव घालायचा, असा विचार चालू आहे. ही तपासणी सांभाळणारं वी१ हे प्रथिन रोखणारं ॲडाव्होसर्टिब जेमसिटाबिन या केमोसोबत दिल्यावर, प्लॅटिनमला (कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांना) दाद न देणाऱ्या आजारात तो पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लांबला, असं २०२१ च्या एका चाचणीत दिसलं. ते औषध नेहमीच्या वापरात आलेलं नाही. सीडीके२ आणि पीकेएमवायटी१ ही प्रथिनं रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्याही चालू आहेत. तुमच्या डॉक्टरांना भारतातल्या चाचण्यांबद्दल जरूर विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया या सरकारी नोंदवहीत त्या कोणालाही पाहता येतात.

१०. बीआरसीए हेही पेशीचक्राचं प्रथिन आहे का?

मुळात ते दुरुस्तीचं प्रथिन. पण ही दुरुस्ती शेजारची ताजी नक्कल नमुना म्हणून वापरते, आणि तशी नक्कल फक्त एस आणि जी२ मध्ये हाताशी असते. म्हणून दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. बीआरसीए नसलेल्या पेशीत पार्प हे दुसरं दुरुस्तीचं प्रथिनही अडवलं की ती पेशी तग धरत नाही. ओलापॅरिब या पार्प रोखणाऱ्या गोळीला २०१४ साली पहिली मान्यता मिळाली. बीआरसीए बिघडलेल्या, नव्याने निदान झालेल्या स्त्रियांच्या सोलो-१ चाचणीत सात वर्षांनंतर ओलापॅरिब घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के. म्हणून ही तपासणी टाळू नका.

११. काकूंना स्तनाच्या कॅन्सरसाठी पाल्बोसिक्लिब दिलं होतं. तीच गोळी अंडाशयाला का देत नाहीत?

पाल्बोसिक्लिब सीडीके४ आणि सीडीके६ ला रोखतं, आणि तो अडथळा आरबी शाबूत असेल तरच चालतो. हाय-ग्रेड सिरस गाठीत आरबीचा मार्ग पुष्कळदा बिघडलेला असतो आणि सायक्लिन ई वाढलं असेल तर पेशी त्या अडथळ्याला वळसा घालून निघून जाते. लो-ग्रेड सिरसमध्ये मात्र विचार करण्यासारखं आहे, कारण तिथे इस्ट्रोजेन रिसेप्टर बहुधा असतो. लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी तिथे दिलीही जाते, आणि तिच्या जोडीला पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या देण्याच्या चाचण्या होत आहेत. शिल्लक राहिलेली गोळी घरातल्या दुसऱ्या पेशंटला देण्याचा विचारही करू नका.

१२. आईच्या गाठीत पी५३ चा बदल आहे. मग तो माझ्यातही असेल का?

बहुधा नाही. गाठीतला टीपी५३ बदल जवळजवळ नेहमी त्या गाठीपुरता, आयुष्यात पुढे झालेला असतो. तो मुलांकडे जात नाही. जन्मजात टीपी५३ बदल म्हणजे लि-फ्रॉमेनी सिंड्रोम, आणि तो विरळा.

घराण्यात जाणारी गोष्ट वेगळी: बीआरसीए१ आणि बीआरसीए२. अंडाशयाच्या एपिथेलियल (आवरणाच्या पेशींतून होणाऱ्या) कॅन्सरच्या दर पाच-सहा रुग्णांमागे एकीत यांचा जन्मजात बदल असतो, घरात कोणाला आधी कॅन्सर झालेला नसला तरी. आईत तो निघाला तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, ५० टक्के शक्यता. 'मुलाला काय करायचंय तपासून' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात; पण बीआरसीए२ मुळे पुरुषांत प्रोस्टेट आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बदल त्याच्या मुलींकडेही जाऊ शकतो. तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते. आधी आईची, मग मुलांची, जनुकीय समुपदेशकाशी बोलून.

एक अवघड अपवाद: वयस्क माणसाच्या रक्तात टीपी५३ चा बदल थोड्या प्रमाणात सापडला तर तो जन्मजातच असेल असं नाही. वयानुसार रक्तपेशींच्या एखाद्या गटात असे बदल साठतात. तेव्हा त्वचेतून वाढवलेल्या पेशींवर खात्री करून घ्यावी लागते.

१३. गाठ अंडाशयात, मग रिपोर्टमध्ये नळीबद्दल इतकं का लिहिलंय?

कारण बऱ्याच हाय-ग्रेड सिरस कॅन्सरची सुरुवात अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. तिथे पी५३ बिघडलेल्या आणि केआय-६७ वाढलेल्या पेशींचा बारीकसा पट्टा सापडतो. तो चुकू नये म्हणून आम्ही नळीचं टोक बारीक काप घेऊन पूर्ण तपासतो.

१४. पोटात पाणी झालंय, रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन खूप वाढलंय. पाण्यावरूनच या प्रथिनांची तपासणी होईल का?

होते. पाणी फिरवून खाली बसलेल्या पेशींचा मेणात ब्लॉक करतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात, आणि त्यावर पी५३ सकट सगळं करता येतं. म्हणून पाणी काढताना थोडंसं नव्हे, भरपूर पाठवायला सांगा.

आपल्या भागात याचं महत्त्व आणखी आहे. पोटाच्या टीबीतही पाणी होतं, सीए-१२५ शेकड्यांत जातं, वजन उतरतं. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५, पण ती ओलांडणं म्हणजे कॅन्सर नव्हे; एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पाळीच्या दिवसांतही ते वाढतं. पेशी किंवा तुकडा पाहिल्याशिवाय केमो सुरू करण्याची घाई नको.

१५. तीन केमोनंतर ऑपरेशन झालं. आता केआय-६७ कमी आलं, मग गाठीचा प्रकार बदलला का?

प्रकार बदललेला नाही. केमोनंतर उरलेल्या पेशींत विभाजन मंदावतं, म्हणून आकडा उतरतो. पी५३ चा पॅटर्न मात्र सहसा तसाच राहतो, म्हणून शंका आली की आम्ही जुनी आणि नवी स्लाइड शेजारी ठेवून पाहतो. केमोआधीचा ब्लॉक जपून ठेवायचा तो यासाठीही.

१६. हळदीने सायक्लिन कमी होतं असं वाचलं. आईला कॅप्सूल देऊ का?

कर्क्युमिनचा असा परिणाम प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर दिसला आहे. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोचतं, आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर ते उपचार म्हणून सिद्ध झालेलं नाही. वरणभाजीतली हळद खुशाल घाला. जास्त मात्रेच्या कॅप्सूलनी मात्र यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि केमो चालू असताना यकृत बिघडलं तर पुढचा डोस लांबतो. काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना बाटली दाखवा.

१७. इंदूरच्या लॅबने एक निदान लिहिलं, मुंबईत दुसरं. कोणाचं खरं मानायचं?

फरक पडण्याची कारणं बहुधा साधी असतात: गाठीचा वेगळा भाग तपासला गेला, फॉर्मॅलिन नीट नव्हतं (प्रश्न ४), किंवा नल आणि फिकट वाइल्ड टाइप यांत गल्लत झाली (प्रश्न ५). म्हणून मुंबईला जायला अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढाल तेव्हा सोबत नुसता रिपोर्ट नेऊ नका. मेणाचे ब्लॉक, सगळ्या स्लाइड, आयएचसीच्याही, आणि ऑपरेशनची टिपणं न्या. ब्लॉक मागितला म्हणून लॅबला वाईट वाटत नाही; सही करून मिळतो. तो उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. ब्लॉक हातातल्या पर्समध्ये, छोट्या डबीत ठेवा. बर्फ लागत नाही. कोणता ब्लॉक दिला त्याचा नंबर लिहून घ्या आणि काम झाल्यावर परत आणा, कारण आजार परतला तर वर्षांनंतरही पुढची जीन टेस्ट त्याच तुकड्यावर करावी लागू शकते. मतभेद राहिलाच तर दोन्ही पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांशी बोलावं असं आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. आम्ही फोन करतो, स्लाइड पुन्हा पाहतो आणि गरज पडली तर सुधारित रिपोर्ट देतो.